जीपच्या अंगातलं वारं

आमच्या घरात जीप आली ती लष्कराच्या लिलावातून, आणि तिच्याबरोबर अक्कल मात्र कुणी विकत आणली नाही. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. केळव्याला आमची नारळ-सुपारीची वाडी, थोड्या पानवेली, आणि घरात माणसं तीनच: आमचे हे, मी आणि सासूबाई. वाडीला जीपची गरज आहे, असं ह्यांनी सगळ्या गावाला पटवून दिलं होतं. माल न्यायला टेम्पो दारात यायचा, पालघरला जायला एसटी होती, आणि गोठ्यात बैलजोडी होती. पण चारही चाकांना ताकद देणारी गाडी आळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती, हे खरं कारण. ती ताकद ह्यांनी वापरली फक्त रविवारी, किनाऱ्यावरच्या वाळूत, मुंबईच्या पाहुण्यांनी बघावं म्हणून.

माझं माहेर उमरोळीचं. वडिलांची पिठाची गिरणी होती. गिरणीचा दांडा किंवा पट्टा थरथरायला लागला की वडील कुणावर ओरडायचे नाहीत, गिरणी बंद करून एवढंच विचारायचे, "काल काय बदललं?" त्यामुळे यंत्राबद्दल मला शिक्षण नसलं तरी थोडी शिस्त होती. सासरी या शिस्तीला कुणी कवडीची किंमत दिली नाही. आगगाडीच्या रुळाकडची मुलगी, तिला मोटारीतलं काय कळणार, असा एकूण सूर होता.

जीप आली तेव्हा बरी चालत होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. आवाज करायची, धूर सोडायची, पण हादरत नव्हती. मग हे बोईसरला कुठल्याशा कामाला गेले आणि तिथल्या एका ठेकेदाराची जीप बघून आले. ती मागून उंच केलेली होती. झालं. चाकांवर वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिला पाटे म्हणतात. ह्यांनी मागच्या दोन्ही चाकांवर जादा पाटे चढवले. कारण सांगितलं वजनाचं: खताच्या गोणी, नारळ, काय काय. गोण्या शेवटपर्यंत बैलगाडीतूनच आल्या. जीप मात्र शेपूट वर आणि नाक खाली करून अंगणात उभी राहिली, आणि मला लुगडं सावरत तिच्यात चढायला पाट घ्यावा लागायला लागला.

त्या दिवसापासून तिच्या अंगात यायला लागलं. माहीमच्या रस्त्याला लागून (आमचं माहीम, मुंबईचं नव्हे) गाडीने जरा वेग घेतला की पोटाखालून घुमल्यासारखा आवाज सुरू व्हायचा. आधी पायांना मुंग्या, मग आरसा थरथरे, मग दातावर दात वाजत. वेग कमी केला की वारं उतरायचं. ठराविक जागी येतं आणि ठराविक जागी उतरतं म्हटल्यावर गावाला दुसरा अर्थ सुचणं शक्यच नव्हतं. जीपच्या अंगात येतं, असं आळीत सर्रास बोललं जाऊ लागलं. शेजारची काकू अगदी गंभीर चेहऱ्याने लिंबू-मिरची बांधायला सांगून गेली. मला वाटलं, आता हे हसतील. ह्यांनी लिंबू बांधलं. तेही थरथरायला लागलं.

"पाटे चढवले तेव्हापासून हे सुरू झालंय," मी म्हटलं.

"पाटे चाकांवर हाइत. आवाज मधून येतो," हे म्हणाले. "तुला नाय कळणार."

असेल बापडं, म्हणून मी सोडूनही दिलं असतं. दात ह्यांचेही वाजत होते, ह्यांचे ह्यांनी बघावे. पण त्याच सुमारास सासूबाईंच्या डोळ्याचं निघालं.

सासूबाईंचा एक डोळा या घराच्या शहाणपणानेच गेला होता. मी लग्न होऊन येण्याच्या आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यात झाडपाल्याचा रस घातला होता, मोतीबिंदू विरघळतो म्हणून. मोतीबिंदू राहिला, डोळा विरघळला. आता दुसऱ्यावर सावट आलं होतं. त्या भिंतीला हात लावत विहिरीपर्यंत जायच्या, ताटातला भात आणि मीठ बोटांनी ओळखायच्या. पालघरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा डोळा वाचेल, पण उशीर नको. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "टाके नाजूक असतात. नंतर खोकला, वाकणं, हादरा, काही नको. घरी न्याल ते जपून न्या." तेव्हाची शस्त्रक्रिया आजच्यासारखी सोपी नव्हती. माणसाला उताणं झोपवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत.

मी घरी येऊन सरळ म्हटलं, आपण भाड्याची मोटार सांगू. हे असे दुखावले, जसं काही मी त्यांच्या आईला बैलगाडीत कोंबायला निघाले होते. दारात जीप असताना आईला भाड्याच्या गाडीतून आणायचं? गाव काय म्हणेल? गाव काय म्हणेल हा प्रश्न आमच्या घरात डॉक्टरच्या वरचा होता. माझी आई माझ्याच जीपमधून येईल, असं ह्यांनी ओटीवर बसून जाहीर केलं, आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "माज्या लेकाची गाडी हाय, मला कशाला दुसरी?" मग मीही हट्टाला पेटले. एकच डोळा उरलाय, त्याच्या शस्त्रक्रियेआधी जीप नीट झाली पाहिजे, असं मी रोज सकाळ-संध्याकाळ बोलायला लागले, आणि ह्यांना गॅरेज गाठावं लागलं.

गॅरेज बोईसरला, कारखान्यांच्या वाटेवर. मी बरोबर गेले, कारण हे दुरुस्तीला गेले की गप्पा मारून परत येत. गॅरेजवाला उत्तरेकडचा, तोंडाने फाटका. तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "ये जीप है या नाव?" त्याचं बरोबर होतं. खाऱ्या हवेने पत्रा गंजतो म्हणून ह्यांनी होडीला फासतात तसं डांबर जीपच्या सगळ्या पोटाला फासलं होतं. त्यात गाडीच्या पोटाखालून इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा जो लांब दांडा असतो, प्रोपेलर शाफ्ट, त्यालाही. हा दांडा गरागरा फिरत असतो. त्याच्यावर एका बाजूला डांबराचे गोळे घट्ट झाले होते. जे फिरतं त्याला एकीकडेच ओझं लावू नये, हे गिरणीच्या ओट्यावर खेळलेल्या पोरीलाही माहीत असतं.

त्याने डांबर खरवडलं. दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, त्यांना क्रॉस म्हणतात, तेही झिजले होते म्हणून बदलले. हादरे थोडे कमी झाले, गेले मात्र नाहीत. तेव्हा त्याने एक गंमत केली. मागचा दांडा पूर्ण काढून बाजूला ठेवला, आतली दांडी ओढून पुढच्या चाकांना ताकद दिली, आणि आम्हाला दोघांना बसवून गाडी पुढच्या चाकांवर फिरवून आणली. गाडी अशी गेली की मांडीवर दुधाचं पातेलं ठेवलं असतं तरी सांडलं नसतं. म्हणजे दोष मागच्या दांड्यातच होता, इंजिनात नाही, चाकांत नाही. मग त्याने दोन हात पुढे केले आणि मनगटं वाकवून दाखवलं: दांडा पुढच्या सांध्यात जेवढा वाकतो तेवढाच मागच्या सांध्यात वाकला पाहिजे, तर एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. गाडी मागून उंच केल्यावर हा वाक बिघडला आणि वाढलाही. "जो पट्टा चढ़ाया है, निकालो," तो म्हणाला. "बस."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी त्याला पैसे दिले, आभार मानले, आणि परतीच्या वाटेवर मला समजावलं की हिंदीत पट्टा म्हणजे वेगळं काहीतरी असतं. शिवाय तो बाहेरचा माणूस, त्याला किनाऱ्यावरच्या रस्त्याची काय माहिती. दोन हातांनी दाखवलेल्यालाही भाषेची अडचण येते, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं.

पाटे उतरवायचे नाहीत, हे ठरलेलंच होतं. म्हणजे आता असा माणूस शोधायचा होता जो पाट्यांबद्दल बोलणार नाही. तो कोळीवाड्यात सापडला. होड्यांना इंजिनं बसवून द्यायचा, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. हे त्याच्यापुढे जाऊन म्हणाले, "प्रोपेलर लय हादरतो."

आता होडीतला प्रोपेलर म्हणजे पाण्यात फिरणारा पंखा. त्याने विचारलं, "तीन पात्यांचा का चार?"

"चार," हे म्हणाले. ह्यांच्या डोक्यात चाकं.

मी तिथेच होते, कारण सुकट घ्यायला आले होते. मी तोंडाला पदर लावला. पण हसण्यासारखं त्यात पुढे काही राहिलं नाही, कारण जीप बघूनही त्या माणसाचं मत बदललं नाही. त्याने खाली वाकून दांडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. होडीत इंजिन आणि शाफ्ट एका सुतात बसवतात. जरा फरक पडला तर सगळी होडी हादरते, खिळे ढिले होतात, पाणी आत येतं. होडीपुरतं हे अगदी खरं होतं.

"शाफ्ट सरल नाय," तो म्हणाला. "वाकडा गेलाय. मंग हादरणारच. आमी केसभर फरक ठेवत नाय."

"ऐकलंस?" हे मला म्हणाले.

"अवो, बोईसरवाल्याने सांगितलेलं की दोनी टोकांना वाक सारखा लागतो," मी म्हटलं. "सरळ नको, सारखा."

"वयनी," तो माणूस शांतपणे म्हणाला, "आमची माणसं या शाफ्टावर दर्यात जातात. तुमी सुकट बघा."

त्याने दोरी लावली. दांड्याचं मागचं टोक ज्याला जोडलेलं असतं ते मागच्या चाकांमधलं लोखंडी धूड आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी पाचरी ठोकल्या, आणि त्या धुडाचं तोंड वर करून थेट गिअरबॉक्सकडे रोखलं. मागचा सांधा आता सरळ झाला. पुढचा होता तसाच वाकलेला राहिला. म्हणजे एकाचा झटका खायला दुसरा उरलाच नाही. एवढी मेहनत करून, एवढ्या मापात, इतक्या आत्मविश्वासाने कुणी बिघाड केलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आधी वारं वेग घेतल्यावर यायचं. आता गाडी जागची हलली की यायला लागलं.

"नवीन काम हाय," हे म्हणाले. "बसंल हलूहलू."

शस्त्रक्रियेला जाताना आम्ही एसटीने गेलो, कारण जीप तेव्हा काम बसण्याची वाट बघत कोळीवाड्यात उभी होती. डोळ्याचं काम छान झालं. सासूबाई वाळूच्या पिशव्यांमध्ये डोकं ठेवून पडून राहिल्या, एका शब्दाची कुरकूर केली नाही. घरी न्यायची परवानगी मिळाली त्या सकाळी मी दवाखान्याच्या दारात येऊन बघते तो जीप हजर. धुतलेली, नवं लिंबू लावलेली. हे पांढराशुभ्र शर्ट घालून, स्टीअरिंगवर हात ठेवून बसलेले. नर्सेस खिडकीतून बघत होत्या. भाड्याची मोटार सांगते म्हटलं असतं तर तिथेच तमाशा झाला असता, आणि तमाशाचा हादरा डोळ्याला चालेल का, हे मला डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं.

सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. मी मागे बसून दोन्ही तळहातांनी त्यांचं डोकं धरलं. गाडी निघाली आणि पोटाखालून घुमायला लागली. माझ्या हातात त्यांची कवटी थरथरत होती. आंब्याच्या कोयीत भुंगा अडकला की ती हाताला जशी लागते तशी.

"आई, हादरतंय का?" ह्यांनी विचारलं.

"कु-कुठं का-काय हालतंय," सासूबाई म्हणाल्या. "पा-पालण्यात बसल्यागत वाटतंय."

पट्टीखाली त्यांचा जबडा आवळलेला होता. उजव्या हाताने त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की नखं रुतली. तोंड मुलाला सांगत होतं पाळणा, आणि हात मला सांगत होता थांबव.

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

"ती म्हणते काय हालत नाय."

"थांबवा. नायतर मी आईंचं डोकं सोडून चालत्या गाडीतून उतरेन, आणि गावात सांगेन का उतरले ते."

गावाचं नाव काढल्यावर गाडी थांबली. पालघरची वस्ती संपत होती तिथे, रस्त्याच्या कडेला, एका सायकलच्या दुकानासमोर. मी म्हटलं, मागचा दांडा काढा आणि पुढच्या चाकांवर चालवा, बोईसरवाल्याने चालवली तशी. हे म्हणाले, भर रस्त्यात? मी म्हटलं, भर रस्त्यात. हे म्हणाले, शर्ट. मी फक्त बघत राहिले. लग्नानंतर मी ह्यांच्याकडे इतक्या तिरस्काराने बघितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

सायकलवाल्याकडून पाने घेऊन हे पाठीवर झोपून गाडीखाली गेले. माणसं जमली. रस्त्यावर कुणी मोटारीखाली शिरलं की बघणाऱ्यांतला प्रत्येकजण मेकॅनिक होतो. कुणी पेट्रोलात कचरा म्हणाला, कुणी बॅटरी. एकाने सासूबाईंना विचारलं, काय झालं आजी? "काय नाय," त्या म्हणाल्या, "माजा लेक जरा गाडी बघतोय." हे बाहेर आले तेव्हा शर्टावर ग्रीस होतं, उरलंसुरलं डांबर होतं, आणि खांद्यावर तो दांडा होता. तो त्यांनी मागे माझ्या पायांशी टाकला. दांडी ओढली. पुढच्या चाकांनी गाडी खेचायला सुरुवात केली आणि केळव्यापर्यंत हळूहळू, खड्डे चुकवत, काही म्हणता काही हललं नाही. माझ्या हातातलं डोकं शांत झालं.

बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "बग, मगाशीपन अशीच चालत व्हती."

ह्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. जिंकल्यासारखं.

तरी कुठेतरी त्यांना लागलं असावं. सासूबाई अंधाऱ्या खोलीत पडून होत्या त्या दिवसांत ह्यांनी गुपचूप पाचरी काढल्या, जादा पाटेही उतरवले आणि दांडा परत बसवला. जीप पूर्वीसारखी खाली बसली आणि हादरणं बंद झालं. वेगात नाही, चढावर नाही, कुठेच नाही. गावाला ह्यांनी सांगितलं की कोळीवाड्यातलं काम अखेर बसलं. मी ते ऐकून घेतलं. डोळा सुखरूप होता, बाकी कुणाला काय श्रेय द्यायचं ते देऊ देत, असं मला खरंच वाटलं होतं.

मग पट्टी निघाली आणि यथावकाश चष्मा आला, तेव्हा मिळायचा तसला, बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा. सासूबाईंनी तो ओटीवर बसून लावला. आधी स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वालली गं तू." मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. कितीतरी वर्षांनी त्यांनी माझा चेहरा नीट बघितला होता. मग त्यांची नजर माझ्यावरून सरकून अंगणात गेली, जीपवर. हे दाराशी उभे होते, काही ऐकायला मिळेल या आशेने.

"गाडी बसकी दिसते रे," त्या म्हणाल्या. "उंच व्हती तवा कशी ऐटदार दिसायची."

उंच होती तेव्हा त्यांना घराचं दार दिसत नव्हतं. ती जीप त्यांनी कधी बघितलीच नव्हती. मुलाने ओटीवर बसून केलेली बढाई त्यांनी आतून ऐकली होती, आणि आता वाचवलेल्या डोळ्याने बघून त्या तीच त्याला परत देत होत्या. त्या क्षणी मला सासूबाईंचा जो राग आला, तसा ह्यांचा आजपर्यंत आला नव्हता. ह्यांना असं घडवणारा कारागीर मला पहिल्यांदाच समोर दिसत होता. ह्यांचा चेहरा तर असा उजळला, जणू गाडी उंच करायला आता डॉक्टरांनीच लिहून दिलं आहे.

आठवडाही गेला नाही, पाटे परत चढले. आईची इच्छा, हे म्हणाले. मी पुन्हा एसटीने जायला लागले. सासूबाई मात्र देवळात, लग्नाला, पालघरला डोळा दाखवायला, जीपमध्येच पुढच्या सीटवर बसून जायच्या. गाडी घुमायला लागली की त्या डोळा घट्ट मिटून घ्यायच्या, आणि ह्यांनी विचारलं की म्हणायच्या, काय हालत नाय.